निशाणी खुरपं

अकोल्याच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बसून मी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत आलो. अर्जामागे दोन आणे घेतले आणि शिव्या मात्र फुकट खाल्ल्या. माणूस खोटं सांगायला लागला की मला लगेच कळतं, कारण तो माझ्या कानाशी येऊन बोलतो. मैनाबाई माळीण पहिल्यांदा माझ्यापुढे येऊन बसली तेव्हा इतक्या मोठ्यानं बोलली की शेजारच्या दोघा अर्जनवीसांनी लेखण्या खाली ठेवल्या आणि फुकटची करमणूक सुरू केली.

"मुन्शीजी, माह्यावर वारंट निंगालं हाय. नादारीचा अर्ज लिवून द्या. शिपाई सांगे का तसा अर्ज असते म्हनून."

मी तिला ओळखत होतो. मोर्णेच्या काठी तिची लहानशी बागाईत होती, खंडानं म्हणजे भाड्यानं घेतलेली. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेनं झेंडू. सकाळी डोक्यावर टोपली घेऊन ती आमच्या आळीत यायची आणि भावात एक कवडी कमी करायची नाही. त्यामुळे माझं तिच्याबद्दल मत फारसं चांगलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

कर्ज कसं झालं ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षं माणसं वेड्यासारखी वागली. मळ्यांतली भाजी उपटून कापूस लावला गेला. गाडीवान मंडळी कानात सोन्याच्या बाळ्या घालून फिरायला लागली. मैनाबाईनं तेवढ्यातही वांग्याचं एक रोप काढलं नाही. "कापूस कोनी खाते का?" असं ती विचारायची. तिचा नवरा सहदेव मात्र ऐकेना. कापूस वाहून न्यायला गाडी आणि बैलजोडी घ्यायची त्यानं ठरवलं आणि सन चौसष्टात खुशालराव सावकाराकडून दीडशे रुपये काढले. सावकारानं रोख्यावर नवरा-बायको दोघांचीही निशाणी घेतली.

एक वर्ष गाडी धावली. दुसऱ्या वर्षी खामगावच्या वाटेवर सहदेव पटकीनं गेला. तिकडे लढाई संपली, इकडे कापसाचा भाव कोसळला. मग अकोल्याला आगगाडी आली आणि गाडीवानांना कुणी विचारीना. मैनाबाईनं गाडी विकली, एक बैल विकला, दोन वर्षं भाजीच्या पैशातून व्याज भरलं. तरी हुकूमनामा झाला तेव्हा आकडा दोनशे बारा रुपयांवर गेला होता. आता सावकार तिला दिवाणी कैदेत घालायला निघाला होता. कैदेतल्या माणसाच्या भाकरीचा खर्च सावकारानं भरायचा असतो, तोसुद्धा त्यानं आगाऊ भरून ठेवला होता. इतका त्याला राग होता.

दिवस चैत्राचे होते. मोटेची एक पाळी चुकली तरी वांगी माना टाकतात. घरी आंधळी सासू, पार्बताबाई. ही बाई तीन महिने आत गेली असती तर बाहेर आल्यावर मळाही उरला नसता आणि म्हातारीही. तिला आठ दिवसांची मुदत मिळाली होती, तीही देवीदास जामीन राहिला म्हणून. देवीदास हा तिच्या शेजारचा माळी. दोघांकडे एकेक बैल होता. तो आणि ती सावड करायचे, म्हणजे दोघांचे बैल एका जोडीला जुंपून आज याची मोट, उद्या तिची.

नादारीचा अर्ज म्हणजे काय ते मी तिला समजावलं. कर्ज फेडायची ऐपत नाही, जवळ आहे ते एवढंच आहे, ते घ्या आणि मला कैदेत घालू नका, असं शपथेवर लिहून द्यायचं. सोबत सगळ्या चीजवस्तूंची यादी जोडायची. यादीबाहेर एक जिन्नस जरी लपवलेला निघाला तरी अर्ज फेटाळला जातो आणि माणूस सरळ तुरुंगात जातो.

"मंग लिवा," ती म्हणाली. "तांबडा बैल एक. मोट एक, तिले दोन ठिगयं हायेत, थेबी लिवा. खुरपे दोन. पान्याची पितयेची गुंडी एक. घोंगड्या दोन. पाटा-वरवंटा. न् डोरल्यातले सोन्याचे मनी पाच."

मी लेखणी थांबवली. आता मी कानाशी गेलो. "मणी कुठे आहेत?"

"चुलीच्या मांगं पुरले हायेत."

"कुणाला माहीत आहे का?"

"नाई."

"मग राहू द्या. नवऱ्याची तेवढीच आठवण आहे तुमच्याकडे. सगळेच थोडं हातचं राखून लिहितात, मैनाबाई. मी काही आजचा बसलेला नाही इथे."

"कोनाले माईत नाई, पन मले तं माईत हाय नं. शपथ मले घ्या लागते, तुमाले नाई. लिवा."

लिहिलं. पुढे ती म्हणाली, लोकांकडून येणं आहे तेही लिहा. मग चौदा घरांची नावं घडाघडा सांगितली, कुणाकडे दोन आणे, कुणाकडे पाच पैसे. सगळं तोंडपाठ. तेराव्या नावानंतर ती जरा थांबली आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "कचेरीतले मुन्शीजी. सहा पैसे. दिवायीची मेथी."

शेजारचे दोघे खो खो हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "अहो, माझी लिहिणावळ दोन आणे होते. त्यातून सहा पैसे वजा करा आणि दोन पैसे द्या. मिटलं."

"नाई जी. हा हिसाब अलग, थो हिसाब अलग. साहेबानं विचारलं तं मले सांगता याले पायजे." आणि तिनं कनवटीचे दोन आणे काढून माझ्यापुढे ठेवले. माझंच नाव मी माझ्याच हातानं कर्जदार म्हणून लिहिलं. तीस वर्षांत असा प्रसंग दुसऱ्यांदा आला नाही.

खाली निशाणी करायची वेळ आली. लिहिता न येणाऱ्यानं लेखणीला हात लावायचा आणि लिहिणाऱ्यानं त्याच्या नावापुढे चिन्ह काढायचं, अशी आमच्याकडे रीत. कुणब्याला नांगर, सुताराला वाकस आणि बाईमाणूस असलं की बांगडी. तिनं लेखणीला बोट लावलं आणि सवयीनं माझ्या हातून गोल निघू लागला.

"हे काय काढून राहिले?"

"बांगडी. बायकांची हीच निशाणी असते."

तिनं दोन्ही हात माझ्यापुढे केले. उन्हानं करपलेले, गोंदलेले, भुंडे हात. "माह्या हातात दिसते का तुमाले? शपथेच्या कागदावर खोटं काहून काढता? खुरपं काढा. थे हाय माह्याजवळ."

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो. कित्येक वर्षं मी विधवांच्या नावापुढे बांगड्या काढत आलो होतो. त्या बिचाऱ्या कागदाकडे पाहायच्यासुद्धा नाहीत. मी नवा कागद घेतला, सगळं पुन्हा उतरवलं आणि मुकाट्यानं खुरपं काढलं. नव्या कागदाचा दाम मागायचं धाडस झालं नाही.

सुनावणीला मी गेलो. खरं म्हणजे माझं तिथे काही काम नव्हतं. साहेब तरुण, गोरा, नवीनच आलेला. मराठी समजायचा पण बोलताना अडखळायचा. सावकाराच्या बाजूनं वामनराव वकील उभे. त्यांनी जुना रोखा आणि नवा अर्ज शेजारी शेजारी धरले आणि म्हणाले, "सरकार, रोख्यावर मैनाबाईची निशाणी बांगडी आहे. या अर्जावर खुरपं आहे. अर्ज करणारी बाई रोख्यावरची नव्हे. अर्ज फेटाळावा आणि वारंट बजावावं."

रोख्यावरची निशाणी मला ठाऊक नव्हती, पण विचारायला हवी होती. माझ्या धंद्यातली ती पहिली गोष्ट. माझ्या चुकीनं ही बाई आत जाणार, एवढंच डोक्यात घुमू लागलं.

साहेबानं दोन्ही कागद निरखून पाहिले. मग वकिलांना शांतपणे विचारलं, "ही ती बाई नाही?"

"नाही, सरकार."

"मग वारंट कोणावर बजावता? हिच्यावर तर कर्जच नाही."

खुशालराव उपरण्यानं मान पुसू लागले. मी मनात म्हटलं, मैनाबाई, आता गप्प राहा. फक्त गप्प राहा. दोनशे बारा रुपये पाण्यात जातील, बैल राहील, मणी राहतील. मी दारातून तिला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे खूण तिला कळली होती. आणि ती बोललीच.

"साहेब, थे बांगडी माहीच व्हय. तवा मालक होते, हातात बांगड्या होत्या. आता नाईत. मनून खुरपं काढाले लावलं. पैसे आमीच आनले. निशानी बदलली मनून कर्ज कसं बदलन?"

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या घटकेला मला तिचा भयंकर राग आला. आणि दुसऱ्याच घटकेला त्या रागाची लाज वाटली, तेही सांगायला हवं.

साहेबानं तिच्या हातांकडे पाहिलं. मग त्यानं यादी वाचायला घेतली. चौदाव्या नावापाशी थांबून विचारलं, "हे मुन्शी कोण?"

मी पुढे झालो. लोक हसले. "खरं आहे, साहेब," मी म्हटलं. "दिवाळीची मेथी. सहा पैसे."

साहेब वकिलांकडे वळला. पुरलेले मणी जिनं स्वतः सांगितले, मुन्शीकडचे सहा पैसे लपवले नाहीत आणि आत्ता आपल्या तोंडानं कर्ज कबूल केलं, तिनं आणखी काही दडवलंय असं म्हणायला तुमच्याजवळ काय आहे, असं त्यानं विचारलं. वामनरावांनी आपले कागद गुंडाळले. हुकूम झाला: बैल, मणी, गुंडी आणि येणं सावकारानं घ्यावं. मोट, खुरपी, पाटा-वरवंटा आणि घोंगड्या बाईकडे राहाव्यात. या कर्जापायी बाईला कैद करू नये, आज नाही आणि पुढेही नाही.

बैल गेला त्या दिवशी ती रडली. मणी देताना नाही रडली. देवीदासनं आपल्या बैलाला जोड म्हणून दुसऱ्याचा बैल मिळवला आणि दोघांची मोट सुरू ठेवली. बैलाची भरपाई म्हणून मैनाबाई दुपारच्या उन्हात देवीदासच्या आणि त्या बैलवाल्याच्या वावरात निंदण करायची. वांगी जगली. म्हातारीही जगली.

हुकुमानंतर आठवड्यानं ती टोपली घेऊन आमच्या दारी आली. मी सहा पैसे तयार ठेवले होते, ते तिच्यापुढे केले. तिनं हात मागे घेतला.

"हे माहे नाईत आता. खुशालरावाचे हायेत. त्याईले नेऊन द्या."

"अहो, सहा पैसे द्यायला मी सावकाराच्या पेढीवर जाऊ?"

"बाकीचे तेरा घरं मीच सांगत फिरली. तुमी तं लिवनारे हा, तुमाले सांगा लागते का?"

भर उन्हात मी पेढीवर गेलो. खुशालरावांनी पैसे मोजले, नाव विचारलं आणि खाली मान घालून वहीत जमा केले. चौदा घरांचं येणं आठवड्यातच पुरतं वसूल झालं होतं, एक पैसा राहिला नव्हता. सावकारीत असं कधी होत नाही, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, "ती भाजी देईल का आमच्या घरी?"

मी निरोप पोचवला. मैनाबाईनं टोपली डोक्यावर चढवली आणि म्हणाली, "देईन नं. पन रोखीनं."

त्यानंतर कितीतरी वर्षं सावकाराच्या घरचा माणूस रोज सकाळी दारात उभा राहून तिच्या हातावर पैसे मोजायचा. मीही उधारी सोडली. आणि कुणी बाईमाणूस अर्जाला आलं की लेखणी टेकवण्याआधी मी तिच्या हातांकडे पाहतो आणि विचारतो, बाई, तुमची निशाणी काय काढू?