बाटलीवरचं अधिकचं चिन्ह

पनवेलजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी बारा वर्षं पेशी वाढवण्याचं काम करतोय. पेशींच्या खाद्यात जिवाणू शिरले की महिन्याची मेहनत एका दिवसात जाते. म्हणून खाद्याच्या प्रत्येक बाटलीत मी प्रतिजैविक घालायचो आणि झाकणावर अधिकचं चिन्ह काढायचो. एकही बाटली कधी चुकली नव्हती.

गेल्या वर्षी करंजा गावची एक मुलगी आमच्याकडे पीएचडीचं काम करत होती. कर्करोगाच्या काही पेशी औषध बाहेर फेकतात. ते फेकणारं प्रथिन ज्या जनुकावरून बनतं, ते जनुक तिला गप्प करायचं होतं. जनुकाला हात लावायचा नाही; त्याच्याकडून निघालेला निरोप तेवढा वाटेतच कापायचा. हे काम एसआयआरएनए नावाचा, आरएनएचा एकवीस अक्षरांचा तुकडा करतो. तेलकट थेंबांत गुंडाळून ती तो पेशींत सोडत होती.

दोनदा पेशी मेल्या. आता एकाच प्रयोगापुरता तुकडा उरला होता. नवा यायला सहा आठवडे लागणार, आणि प्रबंध द्यायला उरले होते पाच.

"काका, माझा हातच खराब आहे," ती म्हणाली.

मी वही मागितली. काहीच न घातलेल्या पेशी शंभरात पंच्याण्णव जिवंत. नुसते थेंब घातलेल्या अडतीस. थेंब आणि तुकडा घातलेल्या छत्तीस. म्हणजे तुकडा निर्दोष. थेंब तिने दुसऱ्या वेळी निम्मे केले होते, तरी तीच गत. मग थेंबांबरोबर आत जात होतं काय? समोरच बाटली होती, झाकणावर माझं चिन्ह. थेंब पेशीचं दार उघडत होते आणि त्या दारातून माझं प्रतिजैविकही आत शिरत होतं!

"हात माझा खराब," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

तिने बाटलीकडे बोट दाखवलं. "काका, घरी दुधातपण घालता का हो?"

सोमवारी मी प्रतिजैविकाशिवाय खाद्य बनवलं आणि त्यातल्या पेशींत तिने उरलेला तुकडा सोडला. आयुष्यात इतक्या वेळा हात कधी धुतले नव्हते. बुधवारी मोजलं: शंभरात एक्क्याण्णव जिवंत. पण निरोप कापला गेला होता का?

गुरुवारी आम्ही यंत्रासमोर बसलो. ते प्रत्येक फेरीत निरोपाच्या प्रती दुप्पट करतं. निरोप जितका कमी, तितकी रेघ उशिरा वर चढते. साध्या पेशींची रेघ चोविसाव्या फेरीला चढली. पंचविसावी गेली, तिच्या पेशींची रेघ आडवीच. सव्विसाव्या फेरीला ती उचलली. दोन फेऱ्या उशिरा! म्हणजे निरोप एक चतुर्थांशच उरला. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या जनुकाची रेघ मात्र जागची हलली नव्हती. मी तीनदा ताडून पाहिलं, मग टाळी दिली.

तिने आईला फोन लावला. "आये, गप झाला गं!"

"कोन? तुजा बापूस?"

"नाय गं!" ती हसत सुटली, मीही.

मग मार्कर घेऊन मी फ्रिज उघडला. वेगळा कप्पा केला, त्यातल्या प्रतिजैविकाशिवायच्या बाटल्यांवर वजाचं चिन्ह काढलं.