रूळ उखडणारा ड्रायव्हर

गाडी बंद होऊन वर्षं लोटली तरी गाव त्यांना ड्रायव्हरमामाच म्हणे. उभ्या हयातीत त्यांनी एकच गाडी चालवली. डोंगरावरच्या जंगलातून ओंडके खाली लाकडाच्या मिलपर्यंत आणणारी. उतार असा, की ब्रेक जरा सैल पडला तर ओंडके आणि ड्रायव्हर एकदमच मिलमध्ये हजर! मामा हे हसत सांगत, पण उतारावर त्यांचा हात ब्रेकवरून कधी हलला नाही.

वरच्या टोकाला, शेवटच्या स्टेशनापाशी त्यांचे थोरले भाऊ राहत. दादा लाइनवरचे मुकादम. रूळ त्यांच्याच टोळीने टाकलेले आणि पोटच्या पोरासारखे जपलेले. दुपारी गाडी पोचली की दोघे भाऊ वहिनींच्या हातचं गरम गरम जेवत आणि मग ओंडके चढेपर्यंत भांडत. भांडायला कारण लागत नसे.

पुढे मोठी झाडं संपली. मालकांनी गाडी बंद केली आणि रूळ भंगारात काढायचं ठरवलं. पण उखडलेले रूळ खाली आणायलाही गाडीच हवी, म्हणजे ड्रायव्हर हवा. मामांनी होकार दिला.

दादा तडकले. "लोक खाल्ल्या घरचे वासे मोजतात, तू तर वासेच उपटायला निघालास!"

"मी नाही गेलो तर दुसरा कुणी जाईलच ना?" मामा म्हणाले.

खरी गोष्ट वेगळीच होती. इंजिनावर आणखी थोडे दिवस उभं राहायला मिळेल, एवढाच त्यांना मोह होता. तो काही त्यांना दादांपुढे बोलता आला नाही.

काम वरच्या टोकाकडूनच सुरू झालं. दादांच्या दारासमोरचे रूळ सगळ्यांत आधी निघाले. दादा पाठ फिरवून बसून राहिले. गाडी रोज थोडी खाली सरके, आणि पहिल्या दिवसापासून भावाभावांनी अबोला धरला तो धरलाच.

एका हिवाळ्यात दादांच्या छातीत कळ आली. डोंगरावर जायचा रस्ता अजून होतोच आहे असं चाललेलं. शेजाऱ्यांनी त्यांना खाटेवर घातलं आणि खालच्या दवाखान्याकडे जुन्या लाइनच्या खडीवरून उतरायला लागले. गाडीने गप्पांत सरणारी वाट पायी सरता सरेना. मिलचं धुराडं दिसू लागलं तिथेच दादा गेले.

वहिनी मग मामांकडेच राहायला आल्या. एकदा शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "भाऊजी, किती मनाला लावून घ्याल? तुम्ही नाही तर दुसऱ्या कुणी उखडलेच असते."

"तेच तर, वहिनी. दुसऱ्याने उखडले असते, तर मी दादाच्या शेजारी बसून त्या माणसाला शिव्या घातल्या असत्या. दोघांनी मिळून घातल्या असत्या."

वहिनींनी थोड्या शेंगा मामांपुढे सरकवल्या, आणि दोघं सोलत बसली.