पाणी भरण्याआधी

झांबियातल्या त्या गावात मी मुलांना शिकवायला गेले होते. शेजारची चांदा रोज नदीवरून भरलेली बादली डोक्यावर घेऊन यायची. तिची ताठ मान आणि थेंबही न सांडणारी चाल बघतच राहावंसं वाटे.

एका सकाळी मीही बादली घेऊन तिच्याबरोबर निघाले. वाटभर हसणारी चांदा काठावर एकदम गप्प झाली. मगरी लांब जाव्यात म्हणून तिने काठीने पाणी झोडपलं. तिथं एकीने भरायचं आणि दुसरीने पाण्यावर नजर ठेवून उभं राहायचं, अशी रीत होती.

"वाक, पण पटकन आटप," ती म्हणाली.

मला वाटायचं, ताकद लागते ती ओझं उचलायला. पण त्याआधी इथं रोज वाकावं लागतं.

बादली भरता भरता मी वर पाहिलं. मघाशी पलीकडच्या काठाला दिसलेला ओंडका आता बराच अलीकडे आला होता.