तीन वाजेपर्यंतचं रोम

डब्लिन विमानतळाच्या तपासणीत उपेंद्रची बॅग बाजूला काढली गेली. तपासणीवाल्याने आतून पाच लिटरचा प्रेशर कुकर उचलला, झाकण उघडलं, आत कोंबलेले मोजे बघितले आणि हे काय आहे म्हणून विचारलं.

"माय वाइफ्स," उपेंद्र म्हणाला आणि शुभदाकडे बोट दाखवून मोकळा झाला.

त्या माणसाने कुकरची शिटी दोन बोटांत धरून उजेडात फिरवली. "यू आर ग्रँड," म्हणाला आणि सगळं परत आत ठेवलं. मागे उभ्या असलेल्या राजीवने टाळ्या वाजवल्या. अकरा जणांची खिचडी सुखरूप सुटली होती.

ऑक्टोबर २०२१ची ही गोष्ट. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आयर्लंडला सुट्टी असते. ती धरून तीन मराठी कुटुंबं स्पेनच्या किनाऱ्यावर तारागोनाला निघाली होती. दीड वर्ष घरात कोंडून काढल्यावरची पहिली सहल. सगळ्यांच्या फोनमध्ये लशीचे क्यूआर कोड होते. शुभदाच्या पर्समध्ये आयर्लंडचा नवाकोरा पासपोर्टही होता. नागरिकत्वाचा समारंभ करोनामुळे झालाच नव्हता. एका वकिलासमोर सही केली, प्रमाणपत्र पोस्टाने आलं आणि त्या दिवशीही जेवायला तिनेच वाढलं.

शुभदा पन्नाशीला टेकलेली, मूळची तेरची. तेर म्हणजे उस्मानाबादजवळचं जुनं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी तिथला माल समुद्रापार रोमनांकडे जायचा. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडावर अजून मणी आणि खापरं सापडतात. लहानपणी शुभदाची एक लाडकी ठिकरी होती, लाल आणि गुळगुळीत. तीच टाकून ती लंगडी खेळायची. एकदा उत्खननासाठी आलेल्या एका गृहस्थांनी ती मागून घेतली, भिंगातून बघितली, "ही रोमन दिसते, पोरी," म्हणाले आणि खिशात टाकली. शुभदा दिवसभर त्यांच्या मागे फिरली. ठिकरी काही परत मिळाली नाही. रोमन म्हणजे कोण, हे तिने पुढे पुस्तकांतून शोधलं. कॉलेजात इतिहास घेतला, लग्न झालं, पुणं झालं. मग उपेंद्रच्या नोकरीमागे नऊ वर्षांपूर्वी डब्लिनच्या कडेला, सिटीवेस्टला आली.

उपेंद्रचं ऑफिस सँडीफोर्डला. मार्च २०२०मध्ये ते शुभदाच्या जेवणाच्या टेबलावर आलं आणि तिथून हललं नाही. अकराला चहा, एकला गरम पोळ्या, चारला पुन्हा चहा. मीटिंग चालू असताना मिक्सर लावायचा नाही आणि कुकरची शिटी तर मुळीच होऊ द्यायची नाही. "क्लायंटला वाटतं घरात आगगाडी आली," उपेंद्र सांगायचा. शिटी फुरफुरायला लागली की शुभदा धावत जाऊन गॅस बारीक करायची. त्या वर्षी घरात खिचडी कायम कच्चट झाली आणि त्याबद्दल बोलणीही तिनेच खाल्ली.

तिचा म्हणून दिवसातला एक तास असायचा, संध्याकाळच्या फिरण्याचा. तोही सुरुवातीला घरापासून दोन किलोमीटरच्या आत. त्याच गोल चौकाला फेऱ्या मारताना ती कानात एका विद्यापीठाचा फुकट अभ्यासक्रम ऐकायची, रोमन शहरांवरचा. त्यात तारागोना होतं. घरी आल्यावर फोनच्या नकाशावर ती त्या गावच्या गल्ल्यांतून बोटाने चालायची. तिथे समुद्राच्या वर रथांच्या शर्यतींचं भलंमोठं मैदान होतं. त्याला सर्कस म्हणत. पुढे लोकांनी त्याच्या कमानींतच घरं बांधली. खाली रोमन दगड, वर वाळत घातलेल्या चादरी. शुभदाला ते फार आवडलं. वर्षभरात ते गाव तिला सिटीवेस्टपेक्षा जास्त पाठ झालं.

म्हणून सहलीची चर्चा निघाली तेव्हा ग्रुपवर तारागोना तिने सुचवलं. राजीवने ते लगेच मान्य केलं, कारण जवळच मोठं थीम पार्क होतं. राजीव म्हणजे उपेंद्रचा मित्र, हौशी, दर सहलीची एक्सेल शीट बनवणारा. शीटमध्ये शनिवार सकाळ ते रात्र, थीम पार्क. रविवारच्या चौकटीत त्याने लिहिलं होतं : "दुपारी वहिनींचे दगड." पुढे हसणारे तीन चेहरे.

शुभदाने हसून सोडून दिलं. चार दिवस आधीपासून ती भाजाभाजी करत होती. खिचडीचे तांदूळ आणि डाळ परतून, मीठमसाला घालून तिने झिपच्या पिशव्या भरल्या आणि प्रत्येकीवर मार्करने लिहिलं : "११ जण. पाणी १४ वाट्या. ४ शिट्या." वाटीसुद्धा पिशवीसोबत ठेवली.

घर राजीवने शोधलेलं, जुन्या गावात. शुक्रवारी संध्याकाळी घरमालकीण किल्ली द्यायला आली. सगळ्या खोल्या दाखवून झाल्यावर तिने स्वयंपाकघरामागची कोठी दाखवली. खिडकी नाही, वर दगडी कमान. शुभदाने तोवर तिथे कांदे-बटाटे, तेलाची बाटली आणि कणीक लावूनही टाकली होती.

"ही कोठी सर्कशीची आहे," मालकीण सहज म्हणाली. "एकोणीसशे वर्षं झाली. ओल येते, पीठ वर ठेवा."

ती गेल्यावर शुभदाने कमानीला तळहात लावला. दगड गार होता. मग बाहेरून कोणीतरी चहा मागितला.

शनिवारी पहाटे उठून तिने आणि राजीवच्या बायकोने, वृंदाने, बेचाळीस पराठे लाटले. थीम पार्कमध्ये शुभदा एका बाकावर अकरा जणांचे कोट आणि डबे सांभाळत बसली. संध्याकाळी परतल्यावर पुरुष मंडळी पाय मोकळे करायला गेली, बायका कुकर लावायला. तासाभराने राजीव बिअरचा वास घेऊन आला. "वहिनी, बघून आलो हो तुमचे दगड. बाहेरनंच. खास काही नाही, आपला दौलताबाद परवडला."

रविवार उजाडला. शुभदाला वेळा पाठ होत्या : रविवारी तीनला बंद, सोमवारी सगळंच बंद. म्हणजे आज तीनपर्यंत. हे तिने शुक्रवारी सांगितलं होतं, शनिवारी सांगितलं होतं. पण न्हाणीघर एक आणि माणसं अकरा. पोहे झाले, दुसऱ्यांदा पोहे झाले, चहा झाला. सव्वाबारा वाजले तेव्हा राजीव अजून टॉवेल शोधत होता.

"आता असं करू," तो म्हणाला, "जेवूनच निघू. गरमगरम खिचडी, पापड. मग निवांत."

"राजीव, तीनला बंद होतं," शुभदा म्हणाली.

"अहो वहिनी, ते दोन हजार वर्षं थांबलेत, अजून दोन तास थांबतील!"

सगळे हसले. शुभदाने उपेंद्रकडे बघितलं. तो सोफ्यावर फोन बघत होता. मान वर न करता म्हणाला, "आणि तुला जायचंय कशाला एवढं? तुझं रोम तुझ्या स्वयंपाकघरातच आलंय की. बटाटे ठेवलेस ना त्यात? घरबसल्या दर्शन!"

या वेळी हसू जास्त मोठं झालं. वृंदाही हसली.

"काय बोलायलाव तुम्ही?" शुभदा म्हणाली.

उपेंद्रने मान वर केली. सत्तावीस वर्षांत तेरची बोली तिच्या तोंडून त्याने दोनदाच ऐकली होती आणि दोन्ही वेळा त्याला ते जड गेलं होतं.

"अगं, गंमत..."

ती आत गेली. ओट्यावर कुकर तयार होता, शेजारी खिचडीची पिशवी. तिने कुकरची शिटी उचलली, फडक्याला पुसली आणि कोटाच्या खिशात टाकली. मास्क लावला. बाहेर येऊन बूट चढवले. "मी चालले. जेवणाचं तुमचं तुम्ही बघा." दार तिने आपटलं नाही. नीट ओढून घेतलं.

गल्ली, उजवीकडे वळण, उतार. कुठेही नकाशा बघावा लागला नाही. पाच मिनिटांत ती दारात होती. तिकीट देणाऱ्या बाईने "किती जण?" विचारलं. "एक," शुभदा म्हणाली.

आत लांबच लांब बोगदा होता. त्याच्या डोक्यावर एकेकाळी हजारो लोक बसून रथांच्या शर्यती बघत. छत इतकं उंच, की आपल्या पावलांचा आवाज उशिराने आपल्याकडे येतो. शुभदा भिंतीला हात लावत हळूहळू चालली. आपल्या कोठीचीच ही मोठी बहीण, तिच्या लक्षात आलं. वर ओरडणारे, पैजा लावणारे. आणि त्या सगळ्यांचं वजन पेलणारा हा खालचा अंधार. त्याच्याकडे तेव्हा कोणी बघितलंही नसेल. आणि आज वरचं बहुतेक पडून गेलंय, उभं आहे ते हेच.

बोगद्यातून ती उघड्यावर आली. बसायच्या पायऱ्या शिल्लक होत्या. ती सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली, मग मधल्या, मग वरच्या. घाई नव्हती. कोणी पाणी मागत नव्हतं.

दीड वाजता फोन वाजला.

"शुभदा, शिटी कुठंय?" उपेंद्र.

"माझ्याकडे."

"तुझ्याकडे म्हणजे?"

"खिशात."

पलीकडे फोनवर हात ठेवून काहीतरी बोलणं झालं. मागून राजीव ओरडला, "वहिनी, पोटात कावळे ओरडतायत हो!"

"त्यांना म्हणावं दोन तास थांबा," शुभदा म्हणाली आणि फोन बंद केला.

शेजारच्या बुरुजाच्या गच्चीवर ती पोहोचली तेव्हा दोन वाजत आले होते. समोर समुद्र. त्याच्या काठाला खाली लंबगोल पायऱ्यांचं दुसरं रोमन मैदान, झुंजींचं, जे तिने फोनवर शंभर वेळा मोठं करून बघितलं होतं. फोनवर ते राखाडी दिसायचं. खरं तर ते मधाच्या रंगाचं होतं. तिने एकही फोटो काढला नाही.

मागून धापा टाकण्याचा आवाज आला. उपेंद्र होता. तिकीट काढून, सगळे जिने चढून आला होता. मास्क हनुवटीवर.

"काय लहान मुलासारखं चाललंय? दे ती शिटी. सगळे खोळंबलेत."

"इकडे या," शुभदा म्हणाली. "ती घरांची लांब रांग दिसते? तिथपासून तिथपर्यंत सर्कस. आणि तो हिरवा टॉवेल दिसतो?"

उपेंद्रने डोळे बारीक केले. "राजीवचा. सकाळपासून शोधतोय."

"ती आपल्या स्वयंपाकघराची खिडकी. मी दोन दिवस तिच्यामागे उभी होते. इथून बघितल्यावर कळतं कुठे होते ते. आतून नाही कळत."

उपेंद्र थोडा वेळ बघत राहिला. खरोखरच बघत राहिला, हे तिला दिसलं. मग त्याचा हात पुढे आला.

"छान आहे. पटलं. आता दे."

"तीनला बंद होतं. तीनपर्यंत मी इथे आहे."

"मी एवढे जिने चढून..."

"चढलात, चांगलं केलंत. बसा. नाहीतर उतरा."

तो दोन मिनिटं थांबला, घड्याळ बघितलं आणि उतरला. शुभदाने त्याला गल्लीतून जाताना वरून बघितलं. चुकीच्या वळणाला वळला, परत आला, मग बरोबर गेला. तिने हाक मारली नाही. तीनला रखवालदार आला आणि त्याने हाताने खूण केली. तेव्हा शेवटच्या माणसांत ती उतरली. तिथून ती समुद्राकाठच्या लोखंडी कठड्यापर्यंत गेली आणि पाय दुखेपर्यंत तिथे उभी राहिली.

साडेचारला ती घरी आली. टेबलावर चिप्सची फाटलेली पाकिटं, पावाचे तुकडे आणि रिकामी झालेली लोणच्याची बाटली. पोरं कुठेतरी पडलेली. वृंदाने दार उघडलं आणि हळूच म्हणाली, "तिघे इंजिनियर कुकरभोवती उभे राहून तासभर यूट्यूब बघत होते. खाली कपाटात हे एवढं मोठं पातेलं होतं. झाकण ठेवून पातेल्यात खिचडी होते, हे एकालाही सुचलं नाही."

"तुला सुचलं असेल की."

"मला माहीतच होतं," वृंदा म्हणाली. "मी नाही बोलले."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली, नाहीतर हसू फुटलं असतं.

राजीव सोफ्यावरून म्हणाला, "झालं का वहिनी समाधान?"

"नाही," शुभदा म्हणाली. "गावाची जुनी तटबंदी राहिली. ती बाहेरून कधीही दिसते. उद्या सकाळी साडेआठला जाणार. विमान दुपारचं आहे."

"मी पण येते," वृंदा म्हणाली. राजीवने तिच्याकडे बघितलं.

"बरं, बरं," उपेंद्र म्हणाला. "आता तरी कुकर लाव. सकाळपासून पोटात पोह्याशिवाय काही नाही."

शुभदाने खिशातून शिटी काढली. दिवसभर खिशात राहून ती उबदार झाली होती. तिने ती चिप्सच्या पाकिटांमध्ये टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

कोणी उठलं नाही. मग उपेंद्र उठला. शिटी उचलून स्वयंपाकघरात गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा.

"पाणी किती घालायचं?" आतून आवाज आला.

शुभदाने दुसरा बूट काढला. बुटाच्या तळाला त्या बोगद्याची बारीक पांढरी धूळ लागली होती.

"पिशवीवर लिहिलंय," ती म्हणाली.