दोन बाटल्या, एक डबा

सुनीता गेल्याचं कळलं तेव्हा मी नेकनूरच्या बाजारात मिरच्या निवडत होते. फोन तिच्या नवऱ्याचा, प्रकाशभाऊजींचा. चार वर्षांत त्यांचा कधी फोन नव्हता. "मंदाताई, सुनीता सकाळी गेली. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणले डॉक्टर." मी म्हणाले, "बरं." माणूस गेल्याचं सांगितल्यावर कुणी "बरं" म्हणतं का? मी म्हणाले. मग निवडलेल्या मिरच्या तशाच टाकून स्टँडवर येऊन बसले. रडू यायला पाहिजे होतं, आला तो राग. असं भांडण अर्ध्यावर टाकून कुणी जातं का? मी मातीला गेले नाही. आमच्या आशा कार्यकर्त्यांच्या बैठकीत तिच्यासाठी दोन मिनिटं उभ्या राहिलो, तेव्हा सगळ्याजणी तिच्याबद्दल गोड बोलल्या. मी तिथं जे बोलले नाही, ते इथं लिहिते आहे.

सुनी आणि मी एका बाकावरच्या. दोघींचे आईबाप ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं व्हायचं, आणि आम्ही दोघी माझ्या आत्याकडं राहायचो. एक गोधडी, एक ताट. सुनीचं एक होतं, तिला खोटं बोलता यायचं नाही. एकदा शाळेमागच्या मळ्यातल्या चिंचा आम्ही पाचसहा जणींनी पाडल्या. गुरुजींनी विचारलं, सगळ्या पोरी दगडासारख्या गप्प. ही बया उठून उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, मी आन् मंदीनं पाडल्या." माझं नाव कुणी विचारलं होतं का? हातावर छड्या खाल्ल्या, घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं, की सुनी सांगते ते खरं. पुढं ती नर्सिंग शिकली, बीडला एका दवाखान्यात लागली. मला गावातच दिली, माहेर आणि सासर मधे दोन गल्ल्या. मी आशा झाले. लसीकरणाचा दिवस असला की तिला फोन करून शंका विचारायची, ती हसत सांगायची, आणि मी ते घराघरात जाऊन जसंच्या तसं सांगायची. माझ्या शब्दाला गावात मान होता, त्यातला निम्मा तिचा होता.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा साखर कारखाने हंगाम संपून नुकतेच बंद झाले होते आणि माणसं ऊस तोडून गावी परतली होती. घर सोडून घर खोकत होतं. अशात सुनीता एक दिवस जीपमधून आली. तोंडावर दोन मास्क, हातात रजिस्टर. तिच्या दवाखान्यात एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. ज्यांना साधा आजार आहे, घरीच राहायचं आहे, त्यांनी पाच दिवस गोळ्या घ्यायच्या, रोज बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघायचा, बाटलीत थोड्या जास्तीच्या असणार, सहाव्या दिवशी ती येऊन उरलेल्या गोळ्या मोजणार. "मंदे, मी बाहेरची. तू सांगितलंस तर लोक ऐकतील," ती म्हणाली. संमतीचा कागद चांगला सातआठ पानांचा. मी म्हणाले, "हे समदं वाचून दाखवू का?" तर म्हणाली, "वाचत बसलीस तर माणसं पळून जातील गं. समजावून सांग आणि सही घे." मी तिला एकच गोष्ट विचारली. ओट्यावर बसून, तिच्या डोळ्यांत बघून विचारली. "सुने, समद्यांना औषधच हाय ना ह्यात?" ती म्हणाली, "हो."

मग काय, मी पदर खोचून निघाले. ज्या घरात सरकारी माणसाला पाणी मिळत नव्हतं त्या घरातून मी अंगठे आणि सह्या आणल्या. माझा धाकटा भाऊ दत्तू आणि त्याची बायको शेवंता, दोघंही तापलेली. दत्तूनं तर कागदाकडं बघितलंच नाही. "आक्का, तू म्हंतीस तर विख बी खाईन," म्हणाला आणि हसत सही केली. त्याला तेवढंच लिहिता यायचं. दोघांना दोन बाटल्या मिळाल्या, दोन्हींवर वेगवेगळे नंबर. सुनीतानं स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या चिकटवल्या, सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. निघताना मला बजावलं, ऑक्सिजनचा आकडा खाली आला तर लगेच फोन कर. हे तिनं सांगितलं होतं, ते मी लपवणार नाही.

चौथ्या दिवशी दत्तूचा आकडा थोडा खाली आला. मी फोन केला नाही. बीडला खाटा मिळत नव्हत्या, गेलेलं माणूस परत येईल का याचा भरवसा नव्हता, आणि मला वाटलं, औषध पोटात जातंय, एक दिवस आणखी बघू. पाचव्या दिवशीही मी हेच म्हणाले. शेवंता दारात उभी राहून विचारत होती, "आक्का, नेवाव का ह्यान्ला?" आणि मीच तिला म्हणत होते, "गोळ्या पुऱ्या हू दे गं, औषधाला येळ लागतो." माझ्या जिभेला काही झालं कसं नाही, देव जाणे.

सहाव्या दिवशी सकाळीच सुनीता गोळ्या मोजायला आली. ओट्यावर रजिस्टर उघडून बसली. शेवंतानं दोन्ही बाटल्या आणून ठेवल्या, रिकाम्या, धुऊन पुसून लख्ख केलेल्या. मग चहापत्तीचा पत्र्याचा डबा आणला आणि झाकण उघडलं. उरलेल्या गोळ्या सगळ्या त्यात. सुनीता बघतच राहिली. "हे काय केलंत? एकत्र कावून केल्या?" घाबरली की तिची बोली गावाकडं वळायची.

शेवंताला कळेचना, हिचं काय बिघडलं. ती म्हणाली, "आमी एक कोयता हाव की बाई. ह्यांच्या येगळ्या, माझ्या येगळ्या, आसं कशाला? एका डब्यातून दोघं घेतो."

आमच्याकडच्या माणसाला यात काहीच नवल वाटणार नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं धरत नाही, कोयते धरतो. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. ज्यांनी फडात एका तांब्यातलं पाणी प्यायलं, एका भाकरीचे दोन तुकडे केले, ती माणसं औषधाच्या दोन बाटल्या वेगळ्या ठेवतील? आमच्या गल्लीत जिथं जिथं नवरा-बायको दोघं आजारी होती, तिथं सगळीकडं हाच प्रकार झाला होता. नंबर घालणाऱ्या शहाण्यांना हे कुठून ठाऊक असणार! पण सुनीला ठाऊक असायला पाहिजे होतं. ती याच गल्लीतली.

तिनं कपाळावर हात मारला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, निम्म्या बाटल्यांत औषध होतं आणि निम्म्यांत नुसती पांढरी गोळी. आता कुणी काय घेतलं, हे कसं कळायचं?"

मी म्हणाले, "नुसती पांढरी गोळी म्हंजी?"

तिचे मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, ते तिनं रजिस्टरात घातले. तेवढ्यात आतून दत्तूच्या श्वासाचा आवाज आला... मी आत पळाले, मशीन लावलं, आणि भांडण तिथंच राहिलं. तिच्याच जीपमधून त्याला बीडला नेलं. तिनं खाट मिळवून दिली, तेही खरं. तिसऱ्या दिवशी दत्तू गेला. तोंडसुद्धा बघू दिलं नाही.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली मी तिला गाठलं. ती रडत होती, मला तिच्या रडण्याचीही चीड आली. "मंदे, खरं सांगितलं असतं तर तू एका तरी घरात गेली असतीस का? आणि चाचणीच झाली नाही तर औषध लागू पडतं का नाही, हे कळणार कसं?" मी म्हणाले, "मला इचारून तर बघायचं हुतंस. मी गेले असते का न्हाई, ते तू कोण ठरवणार?" आज मला कळतं, अशा चाचणीत बिनऔषधाच्या गोळ्या लागतातच. त्याशिवाय औषधाचा गुण कशाशी ताडून बघणार? नंतर मी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, त्यात ते स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं. न वाचता सह्या घेतल्या ही माझी चूक, ती मी मरेपर्यंत बाळगीन. पण ओट्यावर बसून मी विचारलं आणि ती "हो" म्हणाली, त्याचं काय करू? एका गोधडीत वाढलेल्या माणसानं माझा गळा केसानं कापला.

त्यानंतर गावात मी लस घेऊन गेले की कुणीतरी हमखास विचारायचं, "आक्का, ही खरी हाय का पांढरी?" पोलिओच्या थेंबांच्या वेळीसुद्धा विचारलं. हसत विचारायचे, पण दार अर्धंच उघडायचे.

आणि शेवंता... तिच्या डोक्यात एकच घर करून बसलं होतं. दोघांच्या गोळ्या एकत्र झाल्या, ती वाचली, तो गेला. "ह्यांच्या वाट्याच्या खऱ्या गोळ्या मीच खाल्ल्या आक्का. डबा उघडला की ते पयली मला द्यायचे." मी तिला किती समजावलं. पुढं कळलं, ते औषध फारसं कुणाच्या कामाचं निघालंच नाही, तेही सांगितलं. तर म्हणायची, "मग मी कशी वाचले?" तोडीला जाणं तिनं सोडलं. मुकादम आला की म्हणायची, अर्धा कोयता नेऊन काय करतोस. तो डबा तिनं फळीवर ठेवला, त्यात कधी काही भरलं नाही, आणि फेकलाही नाही.

तिच्यासाठी मी सुनीताला एकदा, एकदाच फोन केला. बाटल्यांवरचे नंबर मला दोन्ही पाठ होते. म्हणाले, "तुझ्याशी बोलायची इच्छा न्हाई. कुणाच्या बाटलीत काय हुतं, तेवढं सांग." ती म्हणाली, "अजून मलाही माहीत नाही मंदे, कुठल्या नंबरात काय, त्या खुणा बंद पाकिटात असतात. उघडल्या की पहिला फोन तुला." मी वाट बघितली. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मी समजले, पाकिटं उघडलीच नसतील. म्हणजे बघा, एवढं होऊनसुद्धा तिच्या शब्दावर मी पुन्हा विसंबलेच.

तेराव्याला मात्र गेले. प्रकाशभाऊजींनी दवाखान्यातून आलेली तिची पिशवी माझ्यापुढं ठेवली. जेवणाचा डबा, चष्मा, एक डायरी. डायरीचं एक पान दुमडलेलं होतं, ते त्यांनी उघडून दिलं. तिचं तेच गोल अक्षर, बाटल्यांवर होतं तसं. मला पाठ असलेले तेच दोन नंबर. पुढं लिहिलेलं, 'दोन्ही बिनऔषधी. मंदाला सांगणे.' खाली माझा फोन नंबर. वर तारीख, तीन वर्षांमागची.

"दोनदा निघाली होती तुमच्याकडं," भाऊजी म्हणाले. "एकदा तर नेकनूरला उतरून तिथूनच माघारी आली. म्हणायची, दोघांनाही पांढऱ्याच दिल्या, हे कुठल्या तोंडानं सांगू."

मला त्या भल्या माणसापुढं ओरडता आलं नाही. पण मनात म्हणाले, सुने, तुझ्या तोंडाचं तुला पडलं होतं? एक वाक्य होतं गं. त्या एका वाक्यापायी ती बाई तीन वर्षं नवऱ्याचं औषध खाल्लं म्हणून स्वतःला खात बसली. पहिल्यांदा फसवलंस ते चाचणीसाठी म्हणून मी कधी तरी गिळलं असतं. हे कशासाठी केलंस? उत्तर जिच्याकडं होतं ती फोटोत हसत होती.

परत येताना मी घरी न जाता सरळ शेवंताकडं गेले. ती दारात शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसले आणि सांगितलं. तिचे हात थांबले.

"दोन्हीबी?"

"दोन्ही."

"म्हंजी मी ह्यांचं काईच न्हाई खाल्लं."

"न्हाई गं बाई. काईच न्हाई."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. मग विचारलं, "त्या बाईला कवापसून ठावं हुतं?"

खरं सांगते, माझ्या ओठांवर आलं होतं, की आत्ताच कळलं. मेलेल्या माणसाची तेवढी लाज राखावी... सुनीच्या ओठांवर तो "हो" असाच आला असेल. मी म्हणाले, "तीन वर्सं."

शेवंता उठली. फळीवरचा डबा काढला, पदरानं आतून बाहेरून पुसला, आणि सोललेले शेंगदाणे मुठीमुठीनं त्यात भरायला लागली. झाकण लावताना म्हणाली, "यायचं हुतं की तिनं. मी काय खाल्लं आसतं का तिला? च्या केला आसता."