अडकित्त्यानं कापलेला बिल्ला

विम्याबद्दल बोलायचं म्हटलं की माझे पाय आपोआप गाडीकडे वळायचे. मी जनावरांचा डॉक्टर. राहतो सावेडीत आणि रोज सोनईच्या आसपासच्या गोठ्यांवर हिंडतो. वासरू आडवं आलं तर तासभर शेणात बसेन, पण विमा म्हणजे जनावर समोर रवंथ करत असताना मालकाशी त्याच्या मरणाचं बोलणं. ते मला कधी जमलं नाही. म्हणून हात धुता धुता, हेल्मेट चढवता चढवता मी ते उरकून टाकायचो.

तिथल्या एका मावशींच्या गोठ्यातही मी तेच केलं. मावशी एकट्या राहायच्या. एक दुभती गाय आणि तिची कालवड, एवढाच त्यांचा संसार आणि तेवढ्यावरच घर चालायचं. उद्या गाय गेली तर दावणीला दुसरी यावी म्हणून विमा मीच त्यांच्या गळी उतरवला होता. फॉर्म भरला, फोटो काढले आणि गायीच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला ठोकला. गायीनं मान झटकली. मावशींनी तिला कानामागं खाजवलं आणि विचारलं, "डाक्टर, हे कशापायी?"

सांगायची वाक्यं दोनच होती. या नंबरावरून कंपनी गाय ओळखते, म्हणून बिल्ला काढायचा नाही. आणि पडलाच तर लगेच मला कळवायचं, मी अर्ज देऊन दुसरा घालतो. पण फोन वाजत होता, पुढच्या गोठ्यावर माणसं खोळंबली होती, आणि बोलणं आता मरणावर येणार या विचारानंच मला तिथून पळावंसं वाटत होतं. गाडी चालू करत मी म्हणालो, "ती मेली तर उपयोगी पडतो."

मला वाटलं, समजलं त्यांना.

दिवाळी होऊन गेली आणि एका सकाळी त्यांचा फोन आला. गाय दावं तोडून कोवळ्या लसूणघासात शिरली होती, पोट टम्म फुगलं होतं. मी गाडी पळवली. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. हॉर्न दाबून दाबून अंगठा दुखायला लागला, ट्रॉल्या काही हलेनात. पोचलो तेव्हा गाय गेलेली होती आणि मावशी पदरानं तिच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होत्या.

विम्याच्या दाव्याला कानातल्या बिल्ल्याचा फोटो लागतो. मी मोबाईल काढला, कान उचलला. नुसतं भोक. उगाचच दुसराही कान बघितला.

"मावशी, बिल्ला कुठंय?"

"हाय की. जपून ठिवलाय."

त्या आत गेल्या आणि देवघरातली डबी घेऊन आल्या. डबीत बिल्ल्याचे दोन तुकडे होते, धुऊन पुसून ठेवलेले.

"कुणी काढला?"

"म्याच. वसुबारसंला. अडकित्त्यानं कापला." माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "तुमीच म्हनला हुता, ती मेल्यावर कामाला येतंय. मग मरनाची निशानी कानात ठिवून तिला ओवाळू व्हय?"

मला राग आला. आधी मावशींचा आला, मग कंपनीच्या नियमाचा, आणि गोठ्यात दोन येरझाऱ्या झाल्यावर स्वतःचा. पिशवीत टाके घालायचा दोरा होता. तुकडे भोकातून ओवून बांधले आणि जरा लांबून फोटो काढला, तर कोण बघतंय? मी दोरा सुईत ओवलासुद्धा. सुई हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी ती परत ठेवली आणि गायीच्या मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं की कानात बिल्ला नाही, कापलेला बिल्ला मालकिणीकडे आहे. खरं लिहिल्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही.

"काय लिवलं?" मावशींनी विचारलं.

त्या गोठ्यात मी तेव्हा पहिल्यांदा खाली बसलो. फोन वाजला, तो बंद केला. ती दोन वाक्यं त्यांना सांगितली. आता पैसे मिळणार नाहीत, हेही सांगितलं. चूक तुमची नाही, माझी आहे, असं म्हणालो.

मावशींनी दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन एकमेकांना जुळवून बघितले. मागं कालवड हंबरत होती.

"एवढंच हुतं व्हय," त्या म्हणाल्या. "तवाच सांगितलं असतं, तर बिल्ल्यालाबी कुंकू लावलं असतं की म्या."