नऊ देवळं, एक दिवस आणि न बदलायचा क्रम

सोमवार, १२ जानेवारी २०२६, पहाटेचे चार वाजून चाळीस मिनिटं. कुंभकोणमच्या लॉजच्या पायरीवर बसून मी नऊ देवळांचा क्रम सतराव्यांदा तपासत होतो. समोरच्या घरातली बाई रस्त्यावर रांगोळी घालत होती. तिनं रेघ एकदाही पुसली नाही, याचा मला हेवा वाटला.

आम्ही इथं का आलो ते आधी सांगतो. सहा वर्षांपूर्वी मी डिप्लोमा अर्धवट सोडला आणि बरेच महिने घरात पडून राहिलो. तेव्हा आई नवस बोलली, की हा कामाला लागला तर कुंभकोणमच्या आजूबाजूची नवग्रहांची नऊ देवळं मी एका दिवसात करीन. पुढं मी कामाला लागलो. सांगलीत पिण्याच्या पाण्याचे जार पोचवणाऱ्यांकडे कोणती गाडी कुठल्या क्रमानं फिरेल ते मी ठरवतो. नवस मात्र राहून गेला. आता फेब्रुवारीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्यानंतर कितीतरी महिने प्रवास बंद. म्हणून आत्ताच, आणि एकाच दिवसात.

नऊ ठिकाणं कमी वाटतात, पण ती ३,६२,८८० क्रमांनी फिरता येतात. एकेक क्रम मिनिटाला एक या वेगानं तपासला, तर दिवसरात्र बसून २५२ दिवस लागतील. त्यामुळं कामावर मी सगळे क्रम तपासत नाही, अंदाजाचे नियम वापरतो. पहिला नियम, इथून सगळ्यात जवळचं ते आधी. तो भोळा आहे, लांबचं एखादं ठिकाण शेवटी गळ्यात पडतं. इथंही तसंच झालं. चंद्राचं तिंगळूर पश्चिमेला, बाकीची बरीचशी पूर्वेला, आणि तिंगळूर रात्री नऊला येत होतं. मग दुसरा नियम, कागदावर दोन रेघा एकमेकींना छेदल्या तर त्या सोडवायच्या. तिसरा, एक ठिकाण उचलून दुसरीकडे घालून बघायचं. सर्वोत्तम उत्तर मिळेलच असं नाही, चांगलं मात्र मिळतं. तीन आठवड्यांत मला चांगलं मिळालं होतं.

तो कागद मी टॅक्सीवाल्यांना आधीच पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘कृपया क्रम बदलू नये.’ दोनदा अधोरेखित.

टॅक्सीवाले माधवराव साठीचे, तंजावरकडचे मराठी. त्यांचं घराणं तिथल्या मराठा राजांच्या काळापासून तिकडंच, त्यामुळं घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. आईला ते पहिल्या मिनिटापासून अक्का म्हणू लागले आणि मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचं मराठी ऐकून आई माझ्या कानाशी म्हणाली, की आपली पणजी असं बोलत असेल.

रस्ता मोकळा होता, तासाभरात तिंगळूर. मार्गळी, म्हणजे तिकडचा पहाटपूजेचा महिना असल्यानं देऊळ लवकर उघडलं होतं. सोमवारी चंद्राचं दर्शन, आई खूश. बाहेर पितळी वाटीपेल्यातली कॉफी पंचवीस रुपयांना मिळाली, इतकी चांगली की मी दुसरी घेतली.

कॉफी पिता पिता मी माधवरावांना पुढचं सांगितलं. आता गुरूचं आलंगुडी, मग राहूचं तिरुनागेश्वरम पावणेनऊला. राहुकाळात तिथं दुधाचा अभिषेक होतो, आईला तोच बघायचा होता.

माधवरावांनी पेला खाली ठेवला. “तंबी, आज राहुकाळ साडेसातला लागतो अन् नऊला संपतो.”

मी मोबाईलमधलं पंचांग दाखवलं, ८:२७ ते ९:५१. त्यांनी ते लांब धरून वाचलं.

“हें सांगलीचं अहे.”

खरंच होतं. पंचांग सूर्योदयावरून चालतं आणि मी गाव बदललंच नव्हतं. आमच्याकडं सूर्य अर्धा तास उशिरा उगवतो, आणि इथल्या देवळात तर वाराप्रमाणं वेळ ठरलेलीच असते. पावणेनऊला पोचलो असतो तर रांगेतच अभिषेक संपला असता. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलं? त्यांनी शांतपणे कागदावरच्या ‘क्रम बदलू नये’खालच्या दोन रेघांवर बोट ठेवलं.

आलंगुडी मागं ढकललं तर पुढची देवळं दुपारी बारानंतर बंद मिळणार, ती चारला उघडणार. मी बॉनेटवर कागद पसरून आकडे मांडायला लागलो. आई म्हणाली, “तू कागद बदल. देव काही जागचे हलणार नाहीत.”

माधवरावांनी विचारलं, की शनीच्या तिरुनळ्ळारहून परत कुठल्या रस्त्यानं येणार. मी रेघ दाखवली. त्यांनी तिच्यावर नख टेकवलं. “आलंगुडी ह्या वाटेवर अहे. शेवटाला घाला. माझा बाप असंच करायचा.”

माझा तिसरा नियम. एक उचलायचं, दुसरीकडं घालायचं. मी सकाळकडेच बघत बसलो होतो. परतीची वाट रिकामी आहे हे मला सुचलंच नव्हतं.

तिरुनागेश्वरमला पावणेआठ. दूध राहूच्या अंगावरून ओघळताना निळं होतं म्हणतात, तसं निळसर दिसलं. मला खात्री नव्हती, आईला होती. पुढं सूर्याचं आणि शुक्राचं देऊळ जवळजवळ, मग मंगळाचं वैद्यीश्वरन कोविल, आणि बुधाच्या तिरुवेंगाडूला अकरा पस्तीस. एकशेवीस रुपयांत केळीच्या पानावर पोटभर जेवण, रसम मागाल तितकं. देवळं बंद म्हणून माधवरावांनी गाडी पूंपुहारच्या समुद्रावर नेली. आई पाय वाळूत पुरून बसली आणि मी कागद खिशात ठेवून चक्क झोपलो.

चारला केतू, साडेपाचला शनी. आठ देवळं झाली. तिथून निघाल्यावर रेल्वेचं फाटक लागलं, सोळा मिनिटं. मी घड्याळ बघतोय हे बघून माधवराव म्हणाले, “तंबी, फाटकाला कागद दाखवून ये जा.” आई इतकी हसली की मीही हसलो.

आलंगुडीला आठला पाच कमी. देऊळ साडेआठला बंद. पायरीशी आईचा गुडघा अडला, तेव्हा एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माधवराव. गुरूला चोवीस दिवे लावतात. आईनं लावले, मी मोजले, चोवीसच भरले. शेवटचा लावून ती म्हणाली, “झालं बाबा.” माझ्याकडं बघून म्हणाली, देवाकडं नाही.

सांगलीला आल्यावर मित्राच्या संगणकावर सगळेच्या सगळे क्रम तपासून घेतले. काही सेकंद लागले. अंतरानं सगळ्यात छोटा रस्ता आमच्यापेक्षा सात किलोमीटरनं कमी निघाला, पण त्यात तिरुनागेश्वरम दुपारी एकला येतं, दार बंद. तुम्ही जाणार असाल तर आमचाच क्रम घ्या, पण राहुकाळ तुमच्या वाराचा आणि तिथल्या देवळाचा बघा. कामावर आता मी क्रम आधी चालकांना दाखवतो. अधोरेखित काही करत नाही.

खर्च: रेल्वे ३,१४०, टॅक्सी ४,५००, दोन रात्री लॉज २,४००, जेवणखाण आणि कॉफी ८७०, दूध, दिवे, पूजा ५३५. एकूण ११,४४५ रुपये.
देणं: सहा वर्षांचा एक नवस होता, तो फिटला.